नशीब, कौशल्य आणि गाठीची पुंजी : पोकरच्या संदर्भात जुगारविषयक विचाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सणासुदीच्या करमणुकीत पत्त्यांच्या डावाला जुने स्थान आहे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजेच बलिप्रतिपदेला, धर्मशास्त्रीय परंपरेत 'द्यूतप्रतिपदा' असेही नाव आहे. त्या दिवशी खेळणे शुभ मानले गेले. दिवाळीच्या रात्री घराच्या माडीवर मांडलेला तीन पत्तीचा डाव याच परंपरेचा अर्वाचीन अवशेष होय. मात्र तोच डाव इतर दिवशी एखाद्या अड्ड्यावर मांडला गेला, की १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली छापा पडतो आणि वर्तमानपत्रात जप्त मुद्देमालाची बातमी येते. एकाच खेळाकडे समाज आणि कायदा हे दोन वेगळ्या नजरांनी पाहत आले आहेत.

या दुहेरी दृष्टीचे समर्थन करताना गेली सव्वाशेहून अधिक वर्षे एकच प्रश्न विचारला गेला. हा खेळ नशिबाचा आहे की कौशल्याचा? नशिबाचा असेल तर तो जुगार, कौशल्याचा असेल तर ती क्रीडा, अशी ही सरळ विभागणी होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर पोकर हा पाश्चात्त्य पत्त्यांचा खेळ भारतीय शहरांत आणि पुढे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आला, तेव्हा हा वाद पुन्हा तीव्र झाला. परंतु पोकरच्या डावपेचांचा अभ्यास करणारे स्वतः दोन नव्हे, तर तीन घटकांचा विचार करतात. पत्ते कसे आले हे नशीब, ते कसे खेळले हे कौशल्य, आणि खेळाडूच्या पुढ्यात चिप्सची रास किती मोठी होती ही पुंजी. इंग्रजीतून आलेला 'स्टॅक' हा शब्द या राशीसाठीच वापरला जातो. हा तिसरा घटक कायद्याच्या आणि सामाजिक चर्चेच्या कक्षेबाहेर का राहिला, आणि तो राहिल्यामुळे काय निसटले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे

१) प्राचीन भारतीय वाङ्मयातील द्यूतप्रसंगांत पुंजीच्या प्रश्नाचे स्वरूप तपासणे.
२) संभाव्यतेच्या गणिताच्या इतिहासात पुंजी व नशीब यांचा संबंध कसा उलगडत गेला हे पाहणे.
३) पोकरच्या नियमांत व डावपेचांत पुंजीच्या आकाराचे स्थान स्पष्ट करणे.
४) मुंबई इलाख्यातील १८८७ च्या कायद्यापासून २०२५ च्या केंद्रीय कायद्यापर्यंतच्या कायदेविषयक विचाराचे या दृष्टीने मूल्यमापन करणे.

गृहीतक व पद्धती

नशीब आणि कौशल्य यांच्या प्रमाणावरून खेळाची केलेली वर्गवारी अपुरी आहे, आणि हानी कोणाला व किती होते हे बहुतांशी पुंजीच्या विषमतेवर व तिच्या मर्यादेवर ठरते, हे या लेखाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्राचीन ग्रंथ, कायद्यांच्या तरतुदी, न्यायनिर्णय आणि गणिताचा इतिहास यांचा आधार घेतला आहे.

प्राचीन संदर्भ : द्रौपदीचा प्रश्न

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त 'अक्षसूक्त' म्हणून ओळखले जाते. त्यातील जुगारी आपल्या अधोगतीचे वर्णन करतो, आणि त्या वर्णनात पत्नी, सासू, कर्ज व परक्याचे घर यांचे उल्लेख येतात. म्हणजे मराठीत ज्याला आपण 'घरदार जुगारात घालवणे' म्हणतो, त्याची जाणीव आपल्या सर्वांत जुन्या वाङ्मयातही आढळते. फाशांनी केलेला घात हा सूक्ताचा विषय असला, तरी त्याची झळ पोचते ती घराच्या पुंजीला.

महाभारताच्या सभापर्वातील द्यूत अधिक सूचक आहे. शकुनी हा फाशांचा जाणकार होता आणि त्याने कपट केले, हे सर्वपरिचित आहे. परंतु डावाच्या आरंभीची एक गोष्ट सहसा नजरेआड होते. पणाला लावायचे धन दुर्योधन देणार आणि खेळणार मात्र शकुनी, अशी ती व्यवस्था होती. दुसऱ्यासाठी दुसऱ्याने खेळणे अयोग्य वाटते, असा आक्षेप युधिष्ठिराने घेतलाही होता. म्हणजे एका बाजूला कौशल्य एकाचे आणि पुंजी दुसऱ्याची अशी विभागणी झाली होती, तर दुसऱ्या बाजूला खेळणारा आणि पुंजीचा धनी एकच होता. शकुनीच्या हातून डाव गेला असता तरी त्याचे स्वतःचे काही जाणार नव्हते. युधिष्ठिर मात्र धन, रथ, दासदासी, हत्ती, घोडे, बंधू, स्वतः आणि शेवटी पत्नी अशा उतरत्या पायऱ्यांनी संपूर्ण रिता झाला.

या पार्श्वभूमीवर द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न वेगळ्या प्रकाशात दिसतो. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की आधी तिला, असा तिचा प्रश्न होता. धर्माच्या अंगाने या प्रश्नाची पुष्कळ चर्चा झाली आहे. द्यूताच्या अंगाने पाहिले, तर ज्याच्यापाशी स्वतःची अशी पुंजी उरलेली नाही, त्याला आणखी काही पणाला लावता येते काय, असा तो प्रश्न आहे. सभेला एकमुखाने त्याचे निःसंदिग्ध उत्तर देता आले नाही. खेळाडूची पुंजी कोठे संपते आणि घरातील इतरांचे आयुष्य कोठे सुरू होते, ही सीमारेषा त्या द्यूतात आखलेलीच नव्हती.

वनपर्वातील नलाख्यान याला पूरक ठरते. ऋतुपर्णाकडून 'अक्षहृदय', म्हणजे फाशांचे मर्म, शिकल्यानंतर नल पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि एकाच पणात राज्य परत मिळवतो. कौशल्य आले, आणि डाव लांबवून पुंजी झिजू देण्याऐवजी तो एका फेकीत निकाली काढला गेला. एकीकडे पायरीपायरीने रिता होणारा युधिष्ठिर आणि दुसरीकडे एका पणात सर्वस्व लावणारा नल, असे पुंजीच्या वापराचे दोन भिन्न प्रकार महाभारतात शेजारी-शेजारी येतात.

शास्त्रग्रंथांनीही द्यूताच्या आर्थिक बाजूची दखल घेतली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली एका ठिकाणी द्यूत चालवण्याची आणि जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के वसूल करण्याची व्यवस्था आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत द्यूतगृह चालवणाऱ्या 'सभिका'ने मोठ्या डावावर शेकडा पाच आणि लहान डावावर शेकडा दहा घ्यावे असे सांगितले आहे. महाराष्ट्रात ज्या ग्रंथाचे प्रामाण्य मोठे होते त्या 'मिताक्षरे'चा आधार हीच स्मृती होय. अल्प पुंजीने खेळणाऱ्याकडून दुप्पट दराने वसुली होत असे, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. आजच्या पोकरमध्ये प्रत्येक डावातून चालक जो हिस्सा काढून घेतो, त्याचे हे प्राचीन रूप म्हणता येईल.

गणिताचा इतिहास : 'जुगाऱ्याचा सर्वनाश'

नशिबाला गणिताच्या चौकटीत बसवण्याचे श्रेय सामान्यतः पास्काल व फर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहाराला दिले जाते. त्यापूर्वी सोळाव्या शतकात कार्दानो या इटालियन वैद्य-गणितज्ञाने फाशांच्या खेळांवर लिहिले होते. मात्र ते लेखन १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापले गेले. १६५४ च्या पत्रव्यवहाराचा विषयच मुळी अर्धवट राहिलेल्या डावातील रक्कम कशी वाटावी हा होता. पुढे १६५६ मध्ये पास्कालने जो प्रश्न मांडला, तो पुंजीशी निगडित होता. दोन खेळाडूंपाशी ठराविक सोंगट्या आहेत. प्रत्येक डावात हरणारा जिंकणाऱ्याला एक सोंगटी देतो. तर कोणी एक संपूर्ण रिता होण्याची शक्यता किती? डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने १६५७ च्या आपल्या पुस्तिकेत हा प्रश्न समाविष्ट केला. गणितात तो पुढे 'जुगाऱ्याचा सर्वनाश' या अर्थाच्या नावाने रूढ झाला. याकोब बेर्नुली याच्या १७१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे व्यापक विवेचन आढळते.

हायगेन्सच्या उदाहरणात दोघांपाशी प्रत्येकी बारा सोंगट्या आहेत आणि एका डावातील त्यांच्या संधींचे प्रमाण ५ : ९ आहे. संपूर्ण सामना जिंकण्याचे त्यांचे प्रमाण मात्र २४,४१,४०,६२५ : २,८२,४२,९५,३६,४८१, म्हणजे एकास हजाराहून अधिक, असे येते. एका डावातील अनुकूलता दीर्घ सामन्यात किती वाढत जाते याचे हे प्रमाण होय. ते मिळते ते पुंजी समान असल्यामुळे.

पुंजी असमान असेल तर चित्र बदलते. खेळ पूर्णतः समसमान असला, म्हणजे प्रत्येक डावात जिंकण्याची शक्यता निम्मी-निम्मी असली, तरी ज्याच्यापाशी १० सोंगट्या आहेत तो ९० सोंगट्यांच्या धन्यासमोर शंभरांपैकी नव्वद वेळा रिता होतो. आता अल्प पुंजीच्या खेळाडूला थोडे अधिक कौशल्य आहे आणि प्रत्येक डाव तो शंभरांत ५१ वेळा जिंकतो असे मानले, तरीही सुमारे ६६ टक्के वेळा त्याचाच सर्वनाश होतो. हेच कौशल्य पुंजी ५०-५० अशी समान असताना त्याला सुमारे ८८ टक्के विजय मिळवून देते. कौशल्य तेच आणि नशीबही तेच. बदलली ती केवळ पुंजी, आणि तिच्याबरोबर फळही बदलले. 'नशीब की कौशल्य' या प्रश्नाचे अपुरेपण यावरून स्पष्ट होते.

पोकरचा इतिहास आणि मेजावरील पुंजीचा नियम

पोकरचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स परिसरात झाला आणि मिसिसिपी नदीवरील बोटींतून तो पसरला, असे सामान्यतः मानले जाते. आरंभी तो वीस पत्त्यांनी खेळला जाई. पुढे बावन्न पत्त्यांचा पूर्ण जोड वापरात आला. या खेळात पत्त्यांच्या बळाइतकेच पैजेचे बळ महत्त्वाचे असते. प्रतिस्पर्धी माघार घेईल इतकी मोठी पैज लावता आली, तर हातात हलके पत्ते असूनही डाव जिंकता येतो. साहजिकच ज्याची थैली मोठी, तो समोरच्याला केवळ पैशाच्या जोरावर बाहेर काढू शकतो.

या अन्यायावर पोकरने जो उपाय शोधला तो 'मेजावरील पुंजी' या नियमाच्या रूपाने पुढे आला. डाव सुरू होताना खेळाडूच्या पुढ्यात जितक्या चिप्स असतील तितक्याच त्या डावात पणाला लागू शकतात. डाव चालू असताना खिशातून भर घालता येत नाही, आणि समोरच्याने अधिक पैज लावली म्हणून कोणाला डावाबाहेर काढताही येत नाही. ज्याची पुंजी संपली तो आपल्या रकमेपुरता डावात राहतो. उरलेल्यांची अधिकची रक्कम वेगळी मांडली जाते. एका अर्थाने, हस्तिनापूरच्या सभेत अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला या नियमाने दिलेले हे एक मर्यादित उत्तर होय. मेजावरचे मेजावर, घरचे घरी.

आपल्याकडील तीन पत्तीशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. तीन पत्तीचे मूळ ब्रिटिशांच्या 'ब्रॅग' या तीन पत्त्यांच्या खेळात शोधले जाते. तीत पत्ते पाहून खेळणाऱ्याला न पाहता खेळणाऱ्याच्या किमान दुप्पट चाल द्यावी लागते. घरगुती डावात मेजावरील पुंजीची मर्यादा सर्वत्र पाळली जात नाही. त्यामुळे चाल परवडेनाशी झाली की चांगले पत्ते असूनही 'पॅक' करावे लागते, किंवा उसने घेऊन पुढे जावे लागते. माडीवरच्या निरुपद्रवी डावाचे कर्जात रूपांतर होते ते नेमके या उसनवारीच्या क्षणी.

पोकरचा 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार विसाव्या शतकात पुढे आला. यात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात आणि पाच पत्ते सर्वांसाठी समाईक असतात. १९७० पासून लास व्हेगास येथे पोकरची जागतिक स्पर्धा भरू लागली. २००३ मध्ये इंटरनेटवरील लहान रकमेच्या पात्रता डावातून आलेल्या ख्रिस मनीमेकर या हौशी खेळाडूने ८३९ स्पर्धकांतून मुख्य स्पर्धा जिंकली, आणि अल्प पुंजीतून अमाप यश मिळते ही समजूत जगभर पसरली. जे रिते झाले त्या इतर ८३८ जणांची मात्र चर्चा झाली नाही.

डावपेचांत पुंजीचे स्थान

होल्डेममधील नशिबाचा वाटा पुरेसा मोठा आहे. दोन पत्त्यांच्या १,३२६ शक्य जोड्यांपैकी दोन एक्क्यांची सर्वोत्तम जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. ती राजांच्या जोडीसमोर उभी राहिली, तरी सर्व पत्ते उघडले जाईपर्यंत शंभरांत सुमारे अठरा वेळा हरते. सर्वोत्तम निर्णय घेऊनही एखाद्या डावात हार येणे ही या खेळातील नित्याची बाब आहे.

या अनिश्चिततेला खेळाडू कसा तोंड देतो हे त्याच्या पुंजीवर अवलंबून असते. प्रत्येक डावापूर्वी दोन खेळाडूंना सक्तीने लावावी लागणारी पैज 'ब्लाइंड' म्हणून ओळखली जाते, आणि पुंजी तिच्या पटीत मोजली जाते. मोठ्या ब्लाइंडच्या शंभर पट किंवा अधिक पुंजी असेल, तर पत्ते टप्प्याटप्प्याने उघडत असताना अनेक निर्णय घेता येतात. प्रतिस्पर्ध्याच्या पैजांवरून त्याच्या पत्त्यांचा अंदाज बांधणे, प्रसंगी माघार घेणे, प्रसंगी हूल देणे यांना वाव राहतो. पुंजी दहा पटींवर आली की हे सारे आकुंचन पावते. सर्वस्व लावणे किंवा पत्ते टाकून देणे एवढे दोनच पर्याय उरतात. पुंजी घटत जाते तसतसा कौशल्याचा वाव घटतो आणि नशिबाचा वाढतो. म्हणजे एकाच खेळातील नशीब-कौशल्याचे प्रमाण हे स्थिर नसून पुंजीनुसार बदलणारे आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. एका डावापुरते पाहिल्यास अल्प पुंजी ही दुर्बलता नसते. एकापाशी १,००० आणि दुसऱ्यापाशी २०० चिप्स असतील, तर त्या दोघांतील डाव २०० चाच असतो. मेजावरील पुंजीचा नियम येथे लहानाचे रक्षण करतो. विषमता प्रकटते ती डावांच्या मालिकेत. मोठ्या पुंजीचा धनी एक डाव हरून पुढच्या डावाला बसतो. लहान पुंजीचा धनी उठून जातो. स्पर्धेत तर ब्लाइंड ठराविक वेळाने वाढत जातात, त्यामुळे स्वस्थ बसणाऱ्याचीही पुंजी सापेक्षतः आटत राहते. शिवाय स्पर्धेत चिप्स दुप्पट झाल्याने अपेक्षित बक्षीस दुप्पट होत नाही, परंतु चिप्स संपल्या तर सर्वच संपते. म्हणून राशीतील शेवटच्या चिप्सचे मोल पहिल्या चढत्या चिप्सपेक्षा अधिक, हा विचार डावपेचांच्या ग्रंथांत मान्य झालेला आहे.

कौशल्याचे शास्त्रीय मोजमाप करणाऱ्यांनी याची कबुली आपल्या प्रयोगरचनेतूनच दिली. जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रेटस' या संगणक-प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून निर्णायक विजय मिळवला. पोकरमध्ये कौशल्य असते याचा हा सबळ पुरावा होय. परंतु तो मिळवण्यासाठी संशोधकांना दोन गोष्टी कराव्या लागल्या. एका खेळाडूला मिळालेले पत्ते दुसऱ्या मेजावर प्रणालीला देऊन नशिबाचा परिणाम कमी करण्यात आला. त्याचबरोबर प्रत्येक डावाच्या आरंभी दोन्ही बाजूंची पुंजी पुन्हा २०,००० चिप्स, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या २०० पट, करण्यात आली. म्हणजे कौशल्य निखळ स्वरूपात दिसावे म्हणून पुंजीचा इतिहास प्रत्येक डावाला पुसून टाकावा लागला. प्रत्यक्ष जीवनातील खेळाडूची पुंजी अशी कोणी भरून देत नाही.

मुंबई इलाख्यातील कायदा व न्यायनिर्णय

मुंबई इलाख्यासाठी १८८७ चा चौथा कायदा म्हणून जुगार प्रतिबंधक कायदा करण्यात आला. जुगाराचा अड्डा चालवणे, तेथे खेळताना आढळणे आणि सार्वजनिक जागी जुगार खेळणे हे त्याने गुन्हे ठरवले. कलम १३ ने निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून वगळले. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातही अशीच तरतूद होती. नशीब विरुद्ध कौशल्य ही विभागणी येथे कायद्याच्या भाषेत स्थिरावली. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाल्यावर हाच कायदा महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना वारशाने मिळाला.

स्वातंत्र्योत्तर काळात या विभागणीचा कस लागला तो शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या निमित्ताने. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धा बंगळूर येथून निघणाऱ्या साप्ताहिकातून चालत आणि मुंबई राज्यात त्यांचा मोठा प्रसार होता. मुंबई राज्याने त्यांवर कर व नियंत्रण लादले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निर्णय देताना जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे तत्त्व सांगितले. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निर्णयात, ज्यांत यश मोठ्या प्रमाणावर कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धा वेगळ्या मानल्या गेल्या.

या दुसऱ्या खटल्याशी संबंधित १९५५ च्या बक्षीस-स्पर्धा कायद्यात एक दुर्लक्षित तरतूद आहे. महिन्यातील एकूण बक्षीस एक हजार रुपयांपेक्षा अधिक नसावे आणि प्रवेशिका दोन हजारांहून अधिक नसाव्यात, अशी मर्यादा त्याने घातली. खेळाच्या प्रकाराऐवजी त्याच्या आकाराकडे पाहणाऱ्या या विचाराचा पुढे फारसा विकास झाला नाही.

न्यायालयीन चर्चा पुन्हा प्रकाराकडेच वळली. १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातील रमीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात म्हणून ती प्रामुख्याने कौशल्याची, तर तीन पत्त्यांचे 'फ्लश', 'ब्रॅग' यांसारखे खेळ निव्वळ नशिबाचे, असे मत दिले. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचे स्थान मिळाले. पोकरबाबत मात्र एकवाक्यता झाली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज व रमीबरोबर पोकरही जुगाराच्या व्याख्येतून वगळला होता. नागालँडने २०१६ मध्ये त्याचा कौशल्याच्या खेळांत समावेश केला. याउलट गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पोकर हा जुगारच होय असा निर्णय दिला, आणि तो १८८७ च्या त्याच कायद्याखाली. राज्याची सीमा ओलांडली की पत्ते तेच राहून खेळाची जात बदलत होती.

महाराष्ट्राची भूमिकाही संदिग्ध राहिली. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंचे नियंत्रण व कर यासंबंधी कायदा संमत केला, पण तो कधी अमलात आणला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. शेजारच्या गोव्यात १९७६ च्याच जुगारविषयक कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि जहाजांवर मेजावरील खेळांना वाट मिळाली. दरम्यान मुंबईत १९६० च्या दशकापासून कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावांशी जोडला गेलेला मटका कायद्याबाहेर फोफावला. दहा आकड्यांपैकी एकावर लावलेल्या रुपयाला नऊ रुपये हा त्यातील परिचित भाव. कौशल्याचा अंशही नसलेल्या या खेळात रुपयामागे दहा पैशांचा तोटा ठरलेलाच होता. तरीही गिरणी कामगाराला तो जवळचा वाटला, कारण त्याला पुंजी लागत नसे. लहान रकमेने प्रवेश सुलभ होतो. बाहेर पडणे मात्र सुलभ होत नाही.

२०२५ चा कायदा : प्रश्नाची दिशा बदलताना

इंटरनेटवरील खेळांनी जुनी विभागणी अधिकच ताणली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये काल्पनिक संघनिवडीच्या क्रिकेट-स्पर्धेला कौशल्याचा खेळ मानले. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर वस्तू व सेवा कर आकारताना नशीब-कौशल्य हा भेद सोडून देण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने याच्या पुढचे पाऊल टाकले. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा, पैसे भरून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जात असेल तर तो चालवण्यास मनाई करण्यात आली. शिक्षा ठेवली ती चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नव्हे. या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकाही त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाल्या.

१८८७ पासून चालत आलेला प्रश्न येथे केंद्रस्थानावरून हलला. कायदा आता पत्त्यांकडे न पाहता पैशाकडे पाहू लागला. यामागील कारण तांत्रिक स्वरूपाचे आहे. प्रत्यक्ष मेजावर चिप्स संपल्यावर उठावे लागते, नव्या चिप्स घेण्यासाठी खिडकीशी जावे लागते, आणि तेवढ्या अवधीत विचाराला जागा राहते. भ्रमणध्वनीवर खेळाडूचे बँक खातेच मेजाला जोडलेले असते. एका डावापुरता मेजावरील पुंजीचा नियम पाळला जातो, परंतु पुढच्या डावाची पुंजी क्षणार्धात भरता येते. मेज आणि घर यांतील जी रेषा पोकरने कष्टाने आखली होती, ती तंत्रज्ञानाने पुसून टाकली.

नाशिकच्या संदर्भात

पुंजी आणि नशीब यांचे हे नाते नाशिक जिल्ह्यातील वाचकाला खेळाबाहेरही परिचित आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात दोन बागायतदारांचे ज्ञान, छाटणीचे कसब आणि कष्ट सारखे असू शकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या गारपिटीसारखे संकट दोघांच्याही बागेवर येते. ज्याच्यापाशी दुसऱ्या हंगामाची पुंजी शिल्लक आहे तो पुन्हा बाग उभी करतो; ज्याने संपूर्ण हंगाम कर्जावर उभा केला आहे तो उठून जातो. गारपीट हे नशीब आणि छाटणी हे कौशल्य. पण कोण टिकला याचा निकाल पुंजीने दिला. शेतीला 'जुगार' म्हणण्याची आपल्याकडील रीत बहुधा याच अनुभवातून आली असावी. फरक इतकाच, की शेतकऱ्याला डाव सोडण्याचा पर्याय नसतो. पोकर खेळणाऱ्याला तो असतो.

निष्कर्ष

१) नशीब-कौशल्याचे प्रमाण हा कोणत्याही पैजेच्या खेळाचा स्थिर गुणधर्म नाही. पोकरमध्ये ते पुंजीच्या आकारानुसार बदलते. म्हणून केवळ त्यावरून खेळाची कायदेशीर जात ठरवणे तर्कदृष्ट्या अपुरे ठरते.

२) जुगाऱ्याच्या सर्वनाशाचे गणित सतराव्या शतकापासून ज्ञात असूनही १८८७ च्या कायद्यात व त्यावरील निर्णयांत पुंजीच्या विषमतेला स्थान मिळाले नाही. १९५५ च्या कायद्यातील आकारमर्यादा हा त्याला अपवाद होय.

३) मेजावरील पुंजीचा नियम ही पोकरची महत्त्वाची सामाजिक देणगी आहे. मात्र उसनवारी आणि क्षणार्धात होणारा भरणा यांमुळे तिचे संरक्षण नाहीसे होते.

४) २०२५ च्या कायद्याने पैशाकडे लक्ष वळवले असले, तरी तोही पैसा लागला की नाही एवढेच पाहतो, कोणाच्या पुंजीतून आणि किती मर्यादेपर्यंत लागला हे पाहत नाही. अड्ड्यावरील तीन पत्ती किंवा मटका यांबाबत तर हा प्रश्न अद्याप विचारलाही गेलेला नाही.

खेळात कौशल्य आहे असे सिद्ध झाल्याने खेळणाऱ्याचे घर सुरक्षित होत नाही, आणि नशीब आहे असे सिद्ध झाल्याने प्रत्येक घर उद्ध्वस्तही होत नाही. पणाला लागलेली पुंजी खेळणाऱ्याची एकट्याची होती की घरातील सर्वांची, हा द्रौपदीचा प्रश्न सभापर्वात अनुत्तरित राहिला. जुगारविषयक धोरणाचा पुढील विचार त्या प्रश्नापासून सुरू होणे उचित ठरेल.